चुन्याखाली राहिलेली चित्रे

परवा इतिहासावरचे एक व्याख्यान संपल्यावर प्रश्नोत्तरांचा पाऊण तास एकाच मुद्द्यावर गेला. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ सहिष्णू होती की नव्हती? एक गट म्हणत होता, ‘मला माणसांच्या मनात खिडक्या पाडायच्या नाहीत’ असे म्हणणारी दुसरी राणी सोळाव्या शतकात दाखवा. दुसरा गट लंडनच्या टायबर्न या वधस्थळी फासावर गेलेल्या कॅथलिक धर्मगुरूंची नावे सांगत होता. मग थोरल्या बहिणीने, मेरीने, किती जाळले आणि धाकटीने किती लटकवले, याची वजाबाकी सुरू झाली. मला त्या चर्चेचा मनापासून त्रास झाला. सहिष्णुता हा राणीच्या स्वभावाचा गुण आहे असे दोघांनीही धरले होते आणि तिला प्रशस्तिपत्र द्यायचे की नाही एवढेच ते ठरवत होते. राणीच्या स्वभावाने काय होते? पाहायची ती तिने उभी केलेली व्यवस्था. माझे म्हणणे असे, की गादीवर आल्यावर तिने १५५९ मध्ये कायद्याने घडवलेली धार्मिक तडजोड सहिष्णुता नव्हतीच. ‘मनात हवे ते ठेवा, अंगाने मात्र रविवारी आमच्या चर्चमध्ये हजर राहा’ असा तो सौदा होता. असा सौदा काही वर्षे शांतता देतो, पण एक ना एक दिवस तो मनाच्या दारावर थाप मारतोच.

आधी त्या प्रसिद्ध वाक्याचे. ते एलिझाबेथचे नव्हे. तिच्या कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यात फ्रान्सिस बेकनने तिच्या धोरणाची बाजू मांडताना ते वर्णन म्हणून लिहिले. त्याचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. मनातले विचार ओसंडून उघड कृतीत किंवा बोलण्यात आले, तर गोष्ट वेगळी, असे बेकन लगेच म्हणतो. सगळी अडचण त्या अपवादात आहे. श्रद्धा ओसंडायची नाही, तर मग ती ठेवायची कुठे?

तरी ती तडजोड किती कौशल्याची होती हे आधी मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर १५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा पंचवीस वर्षांत देशाचा धर्म तीनदा फिरला होता. बाप आठव्या हेन्रीने पोपला झुगारले, भाऊ सहाव्या एडवर्डच्या काळात मूर्ती आणि वेद्या उखडल्या गेल्या, मेरीने पोपला परत आणले. नव्या राणीने ‘चर्चची सर्वोच्च प्रमुख’ हा बापाचा किताब सोडून ‘सर्वोच्च शासक’ एवढाच घेतला. प्रार्थनापुस्तकात कम्युनियनच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस देण्याच्या विधीच्या, वेळी उच्चारायची दोन वाक्ये शेजारी शेजारी बसवली. एक १५४९च्या पुस्तकातले, ज्यात भाकर म्हणजे ख्रिस्ताचे शरीर असे समजायला जागा होती. दुसरे १५५२चे, ज्यात ती नुसती आठवण होती. गुडघे टेकणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला हवे ते वाक्य मनाशी धरावे. हे पुस्तक सक्तीचे करणारा कायदा वरिष्ठ सभागृहात अवघ्या तीन मतांनी पास झाला आणि एकाही बिशपाने त्याला मत दिले नाही. त्या बिशपांना तिने जाळले मात्र नाही. पदावरून काढले, नजरकैदेत किंवा तुरुंगात ठेवले. चर्चला न जाणाऱ्याला दंड होता एका वेळचा बारा पेन्स.

गावपातळीवर हे कसे दिसत होते? विल्यम शेक्सपियरच्या जन्माआधी थोडे दिवस स्ट्रॅटफर्डच्या गिल्ड चॅपलमधल्या भिंतीवरची चित्रे ‘विद्रूप’ करण्यासाठी नगरपालिकेच्या हिशोबात दोन शिलिंग खर्ची पडले आहेत. हिशोब ठेवणारा खजिनदार होता विल्यमचा बाप, जॉन शेक्सपियर. हुकूम चित्रे नष्ट करण्याचा होता. प्रत्यक्षात त्यांच्यावर चुना फासला गेला. चुन्याने चित्र मरत नाही. १८०४ मध्ये डागडुजी करताना खालून अंतिम न्यायाचा देखावा, संतांच्या कथा असे सगळे बाहेर आले. चुना फासणाऱ्यांच्या मनात काय होते हे आता कळायचे नाही. पण ज्याने हे काम दोन शिलिंगांत उरकून घेतले, त्याने हुकूमही पाळला आणि भिंतही खरवडली नाही, एवढे डोळ्यांना दिसते.

डेव्हनमधल्या मोरबाथ या तेहतीस घरांच्या खेड्याचा पाद्री क्रिस्टोफर ट्रिकी हा असाच माणूस. १५२० ते १५७४ अशी चौपन्न वर्षे तो त्या एकाच चर्चमध्ये राहिला, आणि चर्चचा जमाखर्च स्वतःच्या हाताने लिहीत राहिला. मृतांसाठीच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, लागणारी काळी वस्त्रे घ्यायची म्हणून त्याने वीस वर्षे पै-पैसा साठवला. ती वस्त्रे आली १५४७ मध्ये, म्हणजे तसल्या मिस्सा बंद पाडणारा राजा गादीवर बसला त्याच वर्षी. १५४९ मध्ये नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाविरुद्ध पश्चिमेकडे उठाव झाला, तेव्हा या गावाने आपली पाच पोरे बंडखोरांच्या छावणीत धाडली. त्याच गावाने एलिझाबेथच्या राज्यात तेच इंग्रजी पुस्तक मुकाट्याने वापरले. एलिझाबेथच्या शांततेचे श्रेय राणीला देताना या ट्रिकीला आणि हजेरी घेताना डोळेझाक करणाऱ्या चर्चच्या कारभाऱ्यांना आपण विसरतो. ती शांतता वरून आली नाही. खालच्या लोकांनी गिळलेल्या आवंढ्यांवर ती उभी राहिली.

राणीच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे याहूनही भक्कम पुरावा आहे आणि तो मी लपवणार नाही. १५६३ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, की राणीच्या धर्मसत्तेची शपथ दुसऱ्यांदा नाकारणाऱ्याला देहदंड. एलिझाबेथने आर्चबिशप पार्करला आतून कळवले, की कोणालाही दुसऱ्यांदा शपथ घालू नका. १५७१ मध्ये नुसते चर्चला येणे पुरे नाही, कम्युनियनही घेतले पाहिजे, असे विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. ते राणीने अडवले. मेरीने पावणेचार वर्षांत सुमारे २८० माणसे जाळली. एलिझाबेथच्या राज्यात पहिली दहा-अकरा वर्षे कॅथलिक म्हणून एकही माणूस फासावर गेला नाही. त्याच काळात शेजारच्या फ्रान्समध्ये कत्तली चालू होत्या, आणि १५७२च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये हजारो प्रोटेस्टंट मारले गेले. हे सगळे खरे आहे आणि वजनदार आहे.

मग बिघडले कुठे? नेहमीचे उत्तर असे, की पोपने बिघडवले. १५७० मध्ये पाचव्या पायसने एलिझाबेथला बहिष्कृत केले, पदच्युत ठरवले आणि प्रजेला तिच्या आज्ञापालनातून मोकळे केले. हे उत्तर अर्धे खरे आहे. दुसरा अर्धा भाग त्या सौद्यातच होता, आणि तो समजून घ्यायचा तर ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ यांच्यातली रेघ कोणी आखली हे विचारावे लागते. प्रोटेस्टंटाच्या दृष्टीने धर्माचा गाभा म्हणजे अंतःकरणातला विश्वास. विधी, वस्त्रे, मूर्ती हे त्याभोवतीचे टरफल. कॅथलिकाच्या दृष्टीने मिस्सा हाच गाभा, कारण वेदीवरची भाकर तिथे खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते. त्याला ‘मन तुझे, फक्त मिस्सा आमची’ असे सांगणे म्हणजे फळाचा गर काढून घेऊन साल त्याच्या हातात ठेवण्यासारखे होते. तटस्थ वाटणारी ती रेघ मुळात एकाच पक्षाच्या अंगणात आखलेली होती. याचे उलटे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाने, जाहीरनामा काढून बाटलेल्या ख्रिस्ती घरांच्या अंगणात तुळस लावायला बंदी केली. तिथे रेघ आखणारे कॅथलिक होते. तुळस काय, बाहेरचीच वस्तू. पण जिने पिढ्यान्‌पिढ्या तिला पाणी घातले त्या बाईला विचारा, काय काढून नेले ते.

ही रेघ सगळ्यात आधी बायकांनी ओलांडली, आणि यामागे कायद्याची एक फट होती. लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता नसे, म्हणून तिचा दंड वसूल करणे अवघड. मग कित्येक घरांत नवरा रविवारी चर्चला जाऊन घर सांभाळी आणि बायको घरी राहून धर्म सांभाळी. यॉर्कच्या मार्गारेट क्लिदरोचे घर असेच. नवरा खाटीक, चर्चला जाणारा, तिचा दंड भरणारा. चर्च चुकवल्याबद्दल तिला तुरुंगात टाकले, तर ती तिथे वाचायला शिकून बाहेर आली. घरात धर्मगुरू लपवत होती. मार्च १५८६ मध्ये धाड पडली आणि घाबरलेल्या एका मुलाने लपण्याची खोली दाखवली. कोर्टात ‘दोषी की निर्दोष’ या प्रश्नाला तिने उत्तरच दिले नाही. उत्तर दिले असते तर खटला चालला असता आणि तिच्या स्वतःच्या मुलांना आईविरुद्ध साक्षीला उभे केले असते. उत्तर न देणाऱ्याला त्या काळी शिक्षा ठरलेली होती. २५ मार्चला तिला जमिनीवर निजवले, पाठीखाली दगड ठेवला, अंगावर दार घातले आणि ती मरेपर्यंत दारावर वजने रचली. या बाईच्या मनात राणीला गादीवरून काढायचा विचार होता, असे तिच्या शत्रूंनाही दाखवता आले नाही.

तिच्यासारख्यांना कशासाठी मारले जात होते? लॉर्ड बर्ली, म्हणजे राणीचा सगळ्यात जवळचा मंत्री विल्यम सेसिल, याने डिसेंबर १५८३ मध्ये पुस्तिका छापून उत्तर दिले. यांना धर्मासाठी नव्हे, राजद्रोहासाठी शिक्षा होते, असे तो म्हणतो. त्याचा युक्तिवाद फुसका नव्हता. पोपचा हुकूम खरा होता. कट खरे होते. पुढच्याच वर्षी डेल्फ्टमध्ये डच प्रोटेस्टंटांचा पुढारी ऑरेंजचा विल्यम याला त्याच्या घरात गोळी घालण्यात आली. तेराव्या ग्रेगरीने १५८० मध्ये इंग्लिश कॅथलिकांना ‘सध्याच्या परिस्थितीत’ राणीची आज्ञा पाळायची मुभा दिली, पण त्या ‘सध्या’चा अर्थ बर्लीलाही कळत होता. उद्या स्पेनचे आरमार किनाऱ्याला लागले, की हीच मुभा संपणार. अशा वेळी मंत्र्याने काय करायला हवे होते, हा प्रश्न सोपा नाही, आणि त्याला केवळ धर्मांध म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी एकदा त्याच्या खुर्चीत बसून पाहावे.

पण कट करणाऱ्याला पकडणे एक, आणि एका संपूर्ण श्रद्धेलाच कट ठरवणे दुसरे. १५८१च्या कायद्याने चर्च चुकवण्याचा दंड महिन्याला वीस पौंड केला. कुशल कारागिराला वर्षभर राबूनही एवढे मिळत नसत. कोणाला रोमच्या चर्चमध्ये परत आणणे हा राजद्रोह ठरला. १५८५ मध्ये त्याहून पुढचे पाऊल पडले. परदेशात दीक्षा घेतलेला धर्मगुरू इंग्लंडच्या भूमीवर असणे, एवढाच राजद्रोह. त्याने काय केले हे सिद्ध करायची गरज उरली नाही. आणि पकडलेल्यांना चौकशीत एक ठरावीक प्रश्न विचारला जाई: पोपने सैन्य धाडले तर तू कोणाच्या बाजूने उभा राहशील? लोक त्याला ‘रक्ताचा प्रश्न’ म्हणत. मनात खिडकी न पाडण्याचे धोरण हेच असेल, तर हा प्रश्न काय आहे? जे घडलेले नाही, त्यावर तू मनात काय ठरवले आहेस ते सांग, असेच तो विचारतो. एडमंड कॅंपियन या कॅथलिक धर्मगुरूला लंडनच्या टॉवर या किल्ल्यात छळयंत्रावर ताणून झाल्यावर १ डिसेंबर १५८१ रोजी टायबर्नला नेले. तिथे त्याने राणीसाठी प्रार्थना केली. कोणत्या राणीसाठी, असे कोणीतरी ओरडून विचारले. एलिझाबेथसाठी, तुमच्या आणि माझ्या राणीसाठी, असे तो म्हणाल्याची नोंद आहे. त्याचे उत्तर ऐकूनही दोर सैल झाला नाही.

आणि १५८८ आले. आरमार खरोखर आले. इंग्लंडच्या कॅथलिकांनी उठाव केला नाही. बर्लीच्या सिद्धान्ताची यापेक्षा मोठी परीक्षा कोणती असू शकत होती? त्या परीक्षेत ते पास झाले, तरी आरमार फुटल्यानंतर त्याच वर्षात वीसहून अधिक कॅथलिक फासावर गेले. भीती ओसरली की कायदा सैल होतो, असे आपण समजतो. तसे झाले नाही.

कोणी म्हणेल, हा सगळा पोपच्या राजकारणाचा परिणाम. मग जॉन स्टब्जचे काय? तो कट्टर प्रोटेस्टंट. १५७९ मध्ये राणी आंजूच्या कॅथलिक ड्यूकशी लग्न करणार अशी बोलणी चालू होती, त्याविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली. त्याला शिक्षा देताना मेरीच्या राज्यात तिच्या नवऱ्याच्या रक्षणासाठी केलेला कायदा उकरून काढला. वेस्टमिन्स्टरमध्ये त्याचा उजवा हात मनगटाशी सुरा धरून, त्यावर हातोडा मारून तोडला. रक्त वाहत असताना त्याने डाव्या हाताने डोक्यावरची टोपी काढली, ‘देव राणीचे रक्षण करो’ असे मोठ्याने म्हटले आणि तो बेशुद्ध पडला. इतिहासकार विल्यम कॅम्डेन तिथे हजर होता. जमाव अगदी गप्प होता, असे तो लिहितो. राणीने आर्चबिशप ग्रिंडलला धर्मगुरूंच्या अभ्याससभा बंद करायला सांगितले. पृथ्वीवरच्या राणीपेक्षा स्वर्गातल्या राजाला दुखावणे मला जास्त जड जाईल, असे त्याने तिला कळवले. त्याचे अधिकार काढून घेतले ते १५८३ मध्ये तो मरेपर्यंत. १५७५ मध्ये स्मिथफील्डला दोन डच ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे मोठेपणीच बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथाचे लोक, जाळले. मेरीच्या आगीत मेलेल्यांची चरित्रे ज्याने गोळा केली, त्या जॉन फॉक्सने त्यांना जाळू नका म्हणून राणीला विनवले, तेही व्यर्थ गेले. १५९३ मध्ये बॅरो, ग्रीनवूड आणि पेन्री हे राज्याच्या चर्चबाहेर प्रार्थना करू पाहणारे प्रोटेस्टंट फासावर गेले. यांतल्या कोणाचा पोपशी संबंध होता? त्यांचा गुन्हा इतकाच, की त्यांचे मन ओसंडले.

राहिला ‘तो काळच तसा होता’ हा मुद्दा. मला तो सगळ्यात आळशी वाटतो. त्याच काळात, १५६८ मध्ये, ट्रान्सिल्व्हेनियातल्या तोर्डाच्या सभेने ठरवले, की गावाला पटेल तो धर्मोपदेशक गावाने ठेवावा आणि धर्मासाठी कोणी कोणाला छळू नये. १५७३ मध्ये वॉर्सात पोलंडच्या सरदारांनी धर्मभेदावरून रक्त न सांडण्याची शपथ घेतली. दोन्हीकडे मर्यादा होत्या, आणि पोलंडमध्ये तर सरदारांना राजाचा हात बांधून ठेवायचा होता, हेही खरे. अकबराने १५६४ मध्ये जिझिया उठवला. म्हणजे त्या काळाच्या डोक्यात ही कल्पना येतच नव्हती असे नाही. तिची किंमत द्यायची इंग्लंडच्या राज्यकर्त्यांची तयारी नव्हती.

अकबराचे नाव आले म्हणून एक प्रसंग सांगतो. मराठी वाचकाला तो परका नाही. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आणि त्यांचे साथीदार एलिझाबेथचे अकबराला लिहिलेले पत्र घेऊन लंडनहून निघाले. होर्मुझला पोर्तुगीजांनी त्यांना पकडले आणि गोव्याच्या तुरुंगात आणून टाकले. हेर असतील, शिवाय पाखंडी. तिथे त्यांच्यासाठी धावपळ करणारा एक इंग्रजच होता: फादर थॉमस स्टीफन्स, विल्टशरचे, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे. पुढे १६१६ मध्ये रायतूरला ज्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले आणि ज्यांच्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या, तेच हे. इंग्लंडमध्ये असताना ते थॉमस पाउंड नावाच्या कॅथलिक मित्राबरोबर, त्याचा नोकर असल्याच्या वेषात राहत होते. पाउंड पकडला गेला आणि त्याची पुढची तीसेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स रोमला पोचले आणि १५७९च्या ऑक्टोबरात गोव्याला. त्यांचे चर्च गोव्यात निष्पाप होते असे मी म्हणत नाही. साष्टीतली देवळे पाडली गेली होती, इन्क्विझिशन बसले होते, आणि त्याच १५८३ मध्ये कुंकळीला पाच जेझुइट मारले गेले, त्यानंतर गावकरांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार केले गेले. इंग्लंडमध्ये ज्या चर्चवर चुना फासला जात होता, तेच चर्च इथे दुसऱ्यांच्या भिंती पाडत होते.

पण तुरुंगातल्या त्या इंग्रजांसमोर स्टीफन्स गेले तेव्हा त्यांनी काय पाहिले असेल? राणीची माणसे आणि आपली भाषा. जामीन मिळवून द्यायला त्यांनी मदत केली, आणि १५८३च्या डिसेंबरात ते व्यापारी सुटले. ‘धर्मासाठी नव्हे, राजद्रोहासाठी’ ही बर्लीची पुस्तिका लंडनमध्ये छापून बाहेर पडत होती तो हाच डिसेंबर. सव्वा वर्षाने झालेल्या कायद्याप्रमाणे, त्याच स्टीफन्सनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले असते तर तेवढ्यावरून त्यांना फाशी देता आली असती. राल्फ फिच ब्रह्मदेश, मलाक्का फिरून १५९१ मध्ये लंडनला घरी पोचला. स्टीफन्स परत गेले नाहीत. १६१९ मध्ये ते गोव्यातच वारले.